माता आली होती काय?

सुईत औषध भरायचं, ती उजेडाकडे धरायची आणि मग तशीच ट्रेमध्ये परत ठेवून विचारायचं, "मागं सुई घेतली तवा घरी माता आली होती काय, बाई?" अहेरीकडच्या जंगलातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांचा हा रोजचा नेम होता. मी तिथे कंपाउंडर होतो. एवढा शिकलेला माणूस देवीची चौकशी केल्याशिवाय टोचत नाही, याची मला फार गंमत वाटायची. तुम्हालाही वाटली असती.

साहेब मूळचे सावली गावाकडचे, धानाच्या मुलखातले. अंगानं जाड, चार पावलं चालले की दम लागायचा. आणि भित्रे तर असे, की भिंतीवर पाल दिसली तरी मला हाक. त्याची त्यांना लाज नव्हती. "मी भेतो, भाऊ," ते म्हणायचे, "म्हणून माह्या हातानं माणसं कमी मरतात."

या प्रश्नालाही भीतीच कारण झाली होती. एका म्हाताऱ्याला पेनिसिलिन द्यायचं होतं. साहेबांनी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे रीतसर विचारलं, "आधी सुईनं काई त्रास झाला होता?" म्हातारा म्हणाला, "नाई." सुई टोचली आणि तो आमच्या डोळ्यांदेखत सुजला. अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. ॲड्रेनलिन देऊन कसाबसा वाचवला. मग त्याची बायको शांतपणे म्हणाली, "मागच्या खेपेले सुई घेतली तवाबी माता आली होती ना."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी तरास इचारला, साहेब. मातेले तरास कसं म्हनावं?"

त्या भागात अंगावर काही उठलं की ती माता. ती घरी आलेली पाहुणी, तिचं गाऱ्हाणं कोणी करत नाही. त्या दिवसापासून साहेबांनी आपला प्रश्न बदलला.

एका पावसाळ्यात सोमारीला खाटेवर घालून आणलं. जंगलातल्या गावची तरणी बाई. ताप फणफणलेला, पोट पाटासारखं कडक. आत अपेंडिक्स फुटून पू झाला होता. नाले भरलेले, चांद्याच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता बंद. नशिबानं दौऱ्यावर आलेले एक मोठे सर्जनसाहेब त्याच पुरामुळे डाकबंगल्यात अडकून पडले होते. त्यांनी पोट उघडलं, पू काढला. हाताला त्यांच्या खरंच यश होतं. हात धुता धुता ते म्हणाले, "पेनिसिलिन द्या आता, लवकर."

आमच्या साहेबांनी सुई भरली, उजेडाकडे धरली, ट्रेमध्ये ठेवली आणि ओट्यावर बसलेल्या सासूकडे गेले. नेहमीचा प्रश्न विचारला.

"आली होती ना," सासू म्हणाली. "बाजारात सुई टोचून घेतली, त्याच सांजेले. होट सुजले, दम लागला. पूजा केली तवा गेली."

सर्जनसाहेब दारात उभे होते. "डॉक्टर, तुम्ही डॉक्टर आहात की भगत?"

"साहेब, सुई भरून ठेवली आहे. तुम्हीच टोचा. मी भितो."

सर्जनसाहेबांनी सुई उचलली. सोमारीकडे पाहिलं. सुई खाली ठेवली आणि म्हणाले, "दुसरं काय आहे?"

दुसरं म्हणजे टेट्रासायक्लिन. शिरेतून द्यायचं, त्या काळी नवं औषध. थोड्या कुप्या साहेबांनी कुलपात जपल्या होत्या. बाटली टांगली, रबरी नळीचा चाप आवळून थेंब थेंब सोडलं आणि सोमारीचं मनगट धरून स्टुलावर बसले. नवऱ्याला राहवेना. "साहेब, इतकं धीरं काऊन? नळी खुली सोडा ना."

"शिरेत धाडकन गेलं तर औषधच घात करते, भाऊ." एवढं बोलून ते पुन्हा तिच्या ओठांकडे, श्वासाकडे पाहू लागले. पाल भिंतीवरून गेली, तरी उठले नाहीत.

सासूनं पदराआड पेज आणली होती. पोट नुकतंच शिवलेलं, म्हणून ती त्यांनी काढून घेतली आणि मला प्यायला लावली. पुढं ताप उतरला तशी घरची मंडळी खाट उचलायला आली. "ताप गेला, रोग नाई गेला," म्हणत साहेब खाटेच्या कडेवर बसले. चौघांना ती हलेना. औषध पुरं होईपर्यंत सोमारी दवाखान्यात राहिली आणि पायांनी चालत घरी गेली. गावानं मातेला नारळ वाहिला. सर्जनसाहेबांनी वर कळवलं की इथला डॉक्टर देवभोळा आहे. साहेबांची बदली झाली.

जाण्याआधी ते सोमारीला म्हणाले, "कुठीबी गेली तरी सांगशील, माह्या मातेले पेनिसिलिन चालत नाई."

मी हसलो. "साहेब, हे कोणतं शास्त्र?"

"माहं सांगणं ती इसरून जाईन. मातेचं पथ्य कोणी इसरत नाई."

दोनेक वर्षांनी सोमारी पाय चिघळला म्हणून आली. नवे डॉक्टर हुशार, चटपटीत. "सुईचा काही त्रास?" त्यांनी विचारलं. "नाई," ती म्हणाली. त्यांनी सुई भरली. मी तोंड उघडणार, तोच तिनं दंड मागं घेतला. "पेनिसिलिन हाये काय, साहेब? माह्या मातेले चालत नाई."

नवे डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले. मी म्हटलं, "साहेब, सुई ट्रेमध्ये ठेवा." मग त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी दुसरं औषध दिलं.

पाय बांधून घेताना सोमारीनं विचारलं, "ते जाडे डॉक्टर कुठी हायेत आता?"

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बातमी आली होती. बदलीच्या गावी, क्वार्टरमध्ये एकटेच असताना, छातीत कळ येऊन साहेब गेले होते. मी तिला ते सांगितलं. तिनं आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरलं.

"त्याईचं मनगट कोनं धरलं होतं?" तिनं विचारलं.

मी पट्टीची गाठ मारली आणि कोणी नाही म्हणून सांगितलं.