सासूबाई ट्यूबवर बसल्या की रंग सुरू

हळदीकुंकवाला बायका येतात, चहा थंड करून ठेवतात आणि म्हणतात, "सांग गो, ता ट्यूबचा सांग." एका घरात एवढे किस्से साठतात कसे, असंही वर विचारतात. अगं, ज्या घरात नवरा परक्यांच्या गाड्यांचे अवयव वाशांना टांगून ठेवतो, तिथे काही घडलं नाही तरच नवल. मी लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून बोलते अशी पुस्तकी. बाकी घर पक्कं मालवणी.

आमचे हे मुंबईला एका गॅरेजात गाड्यांना स्प्रे मारायचे. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी नवरा माझ्या वाट्याला वर्षातून एक महिना, तोही गणपतीचा. गोवा मोकळा झाला, कसालच्या रस्त्याने गाड्या वाढल्या, तेव्हा मीच हट्ट धरला की आता घरी काम करा. अख्खी गाडी रंगवायला जागा कुठली? पण मडगार्डच्या पट्ट्या, पुढची जाळी, दिव्यांच्या कड्या, चाकांच्या टोप्या, असलं सुटं सामान पडवीत होण्यासारखं. गॅरेजचे शेठ म्हणाले, "वर्षभर करून बघ. तुझी जागा धरून ठेवतो." म्हणजे वर्षभरात जमलं तर नवरा माझा, नाहीतर शेठचा. ते वर्षभर माझ्या जिवाला थारा नव्हता, हे मी आज सांगते. तेव्हा कुणाला बोलले नाही.

*

यांनी मुंबईहून रंग फवारायची गन आणली, पण गनला हवा लागते आणि गावात वीज नव्हती. मग लॉरीची एक जुनी ट्यूब पैदा केली. मी पायपंपाने ट्यूबमध्ये हवा भरायची, ट्यूबमधून नळी गनला. तरी जोर कमी पडे. हे घरभर नजर फिरवत राहिले आणि ती नजर सासूबाईंवर येऊन थांबली.

"आये, हेच्यार बस बघूया."

सासूबाई अंगाने भारदस्त. त्या ट्यूबवर बसल्या आणि गन अशी काही चालली की हे पहिल्यांदा हसले. अट एवढीच, की रंगाचा हात चालू असताना त्यांनी हलायचं नाही आणि मी पंप थांबवायचा नाही. हवा कमी झाली की गन थुंकते.

पहिलंच काम इब्राहीमचाचांचं. त्यांची मालवण-कसाल टॅक्सी होती. मडगार्डच्या पट्टीवर शेवटचा हात चालला होता आणि खळ्यात वाळत घातलेल्या भातावर शेजारची कोंबडी आली. सासूबाईंनी बसल्या जागेवरून हडहड केलं. कोंबडी ढिम्म हलेना. सासूबाईंनी जन्मात कधी कोंबडीला भात खाऊ दिला नव्हता. त्या उठल्या.

गन थुंकली. पट्टीवर हरभऱ्याएवढा ठिपका. हे गन ठेवून पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं, आपलं वर्ष पहिल्याच दिवशी संपलं.

संध्याकाळी चाचा आले, ठिपक्यावरून बोट फिरवून म्हणाले, "वयनी, ह्या काय?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी."

चाचांनी पट्टी उचलून काखेत मारली. मग म्हणाले, "रवांदे. आता टॅक्सी चोरीक गेली तरी माका वळखाक येतली."

*

धुळीने मात्र छळलं. ओल्या रंगावर एक कण बसला की सगळं पुन्हा घासा, पुन्हा मारा. वर लाल मातीचा रस्ता, खाली शेणाची जमीन. मी जमिनीवर पाणी शिंपून शिंपून थकले. शेवटी यांनी माझ्या माहेरची मच्छरदाणी पडवीत बांधली, आत शिरून रंग मारला आणि सामान आतच वाळत टांगलं.

शेजारीण आली तर काय दृश्य? एका गाडीची जाळी मच्छरदाणीत ऐसपैस लटकलेली आणि मी बाहेर चटईवर पाय खाजवत बसलेली. तिने सासूबाईंना विचारलं, "ह्या काय गो?"

सासूबाई म्हणाल्या, "झिलान दुसरा लगीन केल्यान. पयली भायर बसता."

दोघी हसल्या, मला हसू आलं नाही. ती जाळी तीनदा घासूनही साफ उतरत नव्हती आणि सकाळीच शेठचं पत्र आलं होतं, 'कधी येतोस?'

*

बाजारात अप्पांचं दुकान. त्यांची एक जुनी मोटार होती. अप्पा देवाला विचारल्याशिवाय नवी चप्पल पायात घालत नसत. चाकांच्या टोप्या आणून टाकल्या, आणि रंग कुठला म्हणून विचारलं तर म्हणाले, "कौल लावतंय." गुरव देवाच्या अंगावर दोन्हीकडे पाकळ्या लावणार. उजवी पडली तर काळा, डावी पडली तर राखाडी.

पहिल्या दिवशी एकही पाकळी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इथे टोप्या घासून उघड्या पडलेल्या, श्रावणातली दमट हवा, गंज कधी धरेल याचा नेम नाही. हे तासातासाला फडकं घेऊन पुसत. तिसऱ्या दिवशी यांचा धीर सुटला आणि काळा मारून मोकळे झाले.

दुपारी अप्पा धापा टाकत आले. "डावी पडली. राखाडी!"

देवाच्या शब्दाबाहेर रंग मारला हे गावात कळलं असतं, तर आमच्या पडवीत पुन्हा कोण आलं असतं? अप्पा थेट मच्छरदाणीपाशी गेले. मागोमाग आम्ही. बघतो तर टोप्यांवर पांढुरकी झाक. ओल्या हवेत कधी कधी रंगाची चकाकी जाते आणि तो दुधाळ दिसतो. रंगाऱ्याला ही शरमेची गोष्ट.

अप्पांनी हात जोडले. "देवान सांगल्यान, तसोच झालो."

आमचे हे पडले सरळमार्गी. म्हणाले, "अप्पा, ही हवेची खोड आसा. उद्या घासून काढतंय."

"हात लावशीत तर बघ," अप्पा म्हणाले आणि टोप्या तशाच घेऊन गेले.

*

वर्ष सरत आलं आणि शेठ स्वतःच आले. गोव्याला निघाले होते, वाटेत आमच्याकडे उतरले. पडवी बघितली, मच्छरदाणी बघितली, ट्यूब बघितली आणि खूप हसले. "वसंता, या धुळीत रंगकाम? अरे, हात बिघडेल तुझा. पेटी भर, परत जाताना तुला घेऊन जातो."

यांना ते लागलं. म्हणाले, "तुमच्या गाडीची जाळी आणि दिव्यांच्या कड्या ठेवून जावा. चार दिवसांनी या. एक कण दिसला तर तुमच्याच गाडीत बसतो."

मी आत चहा गाळत होते. असा राग आला यांचा! सहा वर्षं मी वाट बघितली आणि हा माणूस एका कणावर सगळं लावून मोकळा.

दोन दिवस घासणं, खाचांत लांबी भरणं आणि प्रायमर यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी हे उठले ते कापतच. हिवताप. गन उचलली तर हात असा थरथरे की गन खाली ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी शेठ येणार आणि रंगाचा एकही हात बसलेला नाही. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पेटी भर गो."

मी पेटी भरली नाही. गन उचलली. तोवर मी फक्त पंपच मारला होता. इब्राहीमचाचा यांना बघायला आले होते, त्यांना पंपावर उभं केलं. सासूबाई न सांगता ट्यूबवर जाऊन बसल्या. मी मच्छरदाणीत शिरले.

हे घरात तीन गोधड्यांखाली, डोळे मिटलेले. त्यांना काही दिसत नव्हतं, फक्त गनचा आवाज ऐकू येत होता. त्यावरून सांगत होते.

"लांब धर... हात थांबलो, थांबलो गो, ओघळ येतलो. चल फुडे... आता सोड."

मला रडू फुटत होतं, पण ओल्या रंगावर आसू पडलं तर काय घ्या! तीन हात मारले. चाचांचा सदरा घामाने भिजला होता आणि सासूबाईंनी पापणीसुद्धा हलवली नसेल.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. हे गोधडी पांघरून खांबाला धरून उभे. शेठनी चष्मा लावला, एक कडी उचलून उन्हात नेली. नखाने बघितलं, बोटांच्या मागच्या बाजूने बघितलं. मग दुसरी कडी. मग जाळी, एकेक दांडी करून. मी दाराआड उभी होते.

शेठनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"वसंता, बारा वर्षं तुझं काम बघतोय. मुंबईत तुझा हात इतका हलका कधी नव्हता. आता तुला नेणं म्हणजे पाप. राहा इथेच." जाळी ड्रायव्हरच्या हातात देता देता पुन्हा वळून म्हणाले, "पण खरं सांग, हा हात आला कुठून?"

हे खाली बघत म्हणाले, "घरातच होता, शेठ. मला कालच कळलं."