दहा दिवस पालथे

आमच्या घरातल्या जमिनीत फरशीची एकही जोडी जुळत नाही. मिस्त्रींनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवल्या आणि तिथे उरलेली एकेक पिशवीत घालून घरी आणली. लोकांकडे लखलखाट आणि आमच्याकडे ठिगळं! मी किती भांडले, पण ऐकतील तर शपथ.

तीच जमीन बघत दहा दिवस पडायची वेळ त्यांच्यावर आली. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डावा बारा वर्षांपूर्वीच गेलाय. फरशी कापताना कपची उडाली, तेव्हापासून त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हणजे जे काही होतं ते या एका डोळ्यावर. ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "तो बुडबुडा पडद्याला दाबून धरतो, पण तोंड खाली असेल तरच. दहा दिवस पालथं राहायचं. मान वर केली की माझी सगळी मेहनत पाण्यात."

"लेव्हलच्या नळीत असतो तसला बुडबुडा?" ह्यांनी तिकडून विचारलं.

"तसलाच."

"मग कळलं," म्हणाले. शहाणपणाच्या एवढ्याशा गोष्टीलासुद्धा ह्यांना हत्यारांची पेटी लागते.

घरी आल्यावर पलंगाच्या टोकाशी दोन उशा लावल्या, मध्ये तोंडापुरती जागा ठेवली. चहा स्ट्रॉने. तासाला दहा मिनिटं सुटी, तीही मान खाली घालूनच. मी शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते, रजा टाकली. पण पालथ्या माणसाशी बोलायचं तरी कसं? पाठीशी किती बोलणार? शेवटी मी चटई अंथरली आणि त्यांच्या तोंडाखाली जमिनीवर उताणी झाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण इतका वेळ मी ह्यांचं तोंड कधी बघितलं नव्हतं. बरं आहे तसं.

दुपारी पडदे ओढलेले असायचे. त्यातून गाळून आलेला उजेड फरश्यांवरून इतका सावकाश सरकायचा की आम्ही दोघं पाण्याखाली पडलोय असं वाटावं. ते हात खाली सोडून बोटांनी एकेक फरशी चाचपायचे आणि पुटपुटायचे. "ही त्या दाताच्या डॉक्टरची. घरात एकही आरसा नव्हता त्याच्या." मग बोटं पुढच्या फरशीवर. "ही खरखरीत, जिन्यावरची. तिथे एक आजी दिवसभर पायरीवर बसायच्या. मी प्रत्येक पायरी त्यांना विचारून बसवली." ऐकता ऐकता मला डुलकी लागायची आणि मी त्या घरांतून अनवाणी हिंडून यायचे. एका घरातून दुसऱ्या घरात, मध्ये रस्ताच नाही. आजी मला सरकून जागा करून द्यायच्या. जागी व्हावं तर हे अजून बोलतच. त्यांनी सांगितलेलं कुठलं आणि माझ्या झोपेतलं कुठलं, आता विचाराल तर मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी डोळ्यात थेंब घालताना मी विचारायचे, "काय दिसतं?" तिसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले, "दिसतंय की! ती दाराजवळची निळी, तिच्यावरची वेल, सगळं." मी हरखले. मुलीला फोन केला, शेजारणीला सांगितलं, फुलवाल्यालासुद्धा सांगितलं, त्याचा काय संबंध!

सहाव्या दिवशी दुपारी मला खोडी सुचली. पंचावन्न वर्षांची बाई मी, पण सुचली. पडल्या पडल्या जीभ बाहेर काढली, डोळे तिरळे केले, बोटाने नाक वर ढकललं. माकडसुद्धा लाजलं असतं.

ते माझ्याकडेच बघत होते. हळूच म्हणाले, "किती शांत दिसतेस गं, झोपलीस की."

मला जीभ आत घ्यायचंही सुचेना.

"अहो, तुम्हाला काहीच दिसत नाही?"

फरशीवरून बोट फिरवत म्हणाले, "पांढरं दिसतं. सगळं धुकं. फरश्या बोटांना पाठ आहेत माझ्या."

"मग खोटं कशाला बोललात?"

"रोज विचारताना तुझा आवाज कापतो म्हणून."

मी तडकले. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही मला वेली दाखवताय?" स्वयंपाकघरात गेले, दोन भांडी आपटली आणि नळ सोडून रडले. डोळा जायचं भय होतंच. पण त्याहून मोठं भय हे, की तो गेला तरी हा माणूस पाठ असलेल्या घरात 'दिसतंय, दिसतंय' म्हणत मरेपर्यंत हिंडेल, एकटाच त्या धुक्यात, आणि मला पत्ताही लागू देणार नाही.

परत येऊन शपथच घातली. "दिसल्याशिवाय दिसलं म्हणायचं नाही."

"बरं."

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच उत्तर. "नाही." मी मुलीचा फोन उचलणं टाळलं. दुपारी घरांच्या गोष्टी चालू होत्या, पण आता आवाज इतका खाली गेला होता की निम्म्या गोष्टी मी ओठांवरून वाचत होते.

दहाव्या दिवशी दुपारी मी अशीच कुणाच्या तरी ओसरीत झोपेत बसले होते.

"अगं."

"हं."

"हलू नकोस. बुडबुडा लहान झालाय. मध्ये गोल आहे, पण कडेने मोकळं झालंय."

मी न हलता विचारलं, "काय दिसतं?"

"सांगितलं तर चिडशील."

"बोला हो आता!"

"तुझ्या हनुवटीखाली एक केस आलाय. पांढरा, चांगला राठ. बोकडाला असतो तसा."

मी हात नेला, चाचपलं. होता. नखात धरता येईल एवढा होता, आणि मला स्वतःलाच माहीत नव्हता. आरशासमोर मान वर करून बघतंय कोण? आणि बायकोला खूश करायला असलं खोटं बोलेल असा नवरा अजून जन्माला यायचाय.

मी साधा हुंदकासुद्धा दिला नाही.

"कानात पाणी जातंय तुझ्या," ते म्हणाले. "पूस आधी."