दम लागेपर्यंत शिव्या

आमच्या वेळी पाहुणे बघायला आले की मुलीने मान वर करायची नाही, असा नेम होता. मी पाटावर बसले आणि मला दिसले ते फक्त पाय. काळे, भेगाळलेले, एकाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. त्यातल्या एकाचं धोतर गुडघ्यापर्यंत सरकलं होतं आणि त्याखाली अशा पोटऱ्या होत्या की विचारू नका. मी मनात म्हटलं, हाच. चेहरा लग्न लागल्यावर पाहिला. तेव्हा उशीर झाला होता.

नवरा बघायला बसली आणि बैल पसंत करून उठली, इतकी मठ्ठ होती ती पोरगी, म्हणजे मीच. वर गावभर मिरवायची. आमची माणसं तलावातल्या मासोळीवर जगणारी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सगळे मिळून मोठं जाळं ओढायचे. ही बावळट भाताचा डबा घेऊन तासभर आधीच तलावाच्या पाळीवर, बांधावर जाऊन उभी. का? तर तो गाळातून पाय उपसताना पोटऱ्या कशा फुगतात ते बघायला. डब्यातला भात गार होऊन जायचा.

त्या पोटऱ्या गेल्या हिवाळ्यात संपल्या.

बुढ्याला ताप आला, तो छातीत उतरला. (समोर मी त्याला ‘तुमी’च म्हणते. कागदावर ‘तो’ लिहिते, कारण चष्मा कुठे आहे ते त्याला माहीत नाही.) चंद्रपूरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून घरी आणला आणि खाटेवर टाकला. मग सुरू झाली सेवा. मूल, सावली, अशा कुठल्या कुठल्या गावांहून पाहुणे भेटायला यायचे. बुढा उठून बसला की ते हात धरून परत आडवा करायचे. “पडून राहा भाऊ, आराम करा.” मी दूध, अंडी, तूप ओतत होते. मोहाच्या बियांचं तेल लावून पाय रगडत होते. गाल वर आले, पोट सुटलं. पाहुणे म्हणायचे, “वा वो बाई, तब्येत सुधरवली तू.” मी पदर नीट करायची. तेल लावून पायात मांस चढतं असं समजणारी ही बाई त्या पाटावरच्या पोरीपेक्षा फक्त वयाने मोठी होती.

एक दिवस तेल लावता लावता पोटरीवर मूठ मिटली आणि माझं बोट अंगठ्याला जाऊन भिडलं. मधे काही नव्हतंच. कातडी होती, लोंबणारी, आणि आत दांडा.

बुढा छताकडे पाहत होता. म्हणाला, “उन्हाळ्यात जाळं ओढाले जातो मी.”

त्याचा मोठा भाऊ शेवटची काही वर्षं खाटेवर होता. पोरं त्याला पोत्यासारखा उचलून अंगणात ठेवायची, उन्हं गेली की परत आत टाकायची. एकदा ठेवला तो विसरलेच. बुढ्याने ते सगळं पाहिलं होतं. तेव्हाच मला म्हणाला होता, “माह्यावर अशी पाळी आली तर मले तलावात ढकलून देजो.” तो गंमत करत नव्हता.

म्हणून मी त्याला मूलच्या डॉक्टरणीकडे नेलं. नातीच्या वयाची बाई. तिने मांडी दाबून पाहिली आणि विचारलं, “आजोबांना इतके दिवस झोपवून कोणी ठेवलं?”

“मी.”

“मग हे पाय तुम्हीच खाल्लेत, आजी.”

बुढा पहिल्यांदा खुश झाला.

तिने समजावलं ते असं: माणूस पडून राहिला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि म्हातारं शरीर तर अधाशासारखं खातं. वरून तूप ओतलं तर पोट वाढतं, पाय नाही. रोज चालवा, दम लागेल असं. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण गळती थांबेल आणि दम वाढेल. शिवाय मांड्यांसाठी खुर्चीवरून उठा-बसा. बुढा तिथेच फुगला. “मी काय शाळेतला पोट्टा आहो, उठबशा काढाले?” उठबशा तिथेच राहिल्या. चालणं आणलं.

पण बुढा मुळात अबोल. बोलता येतं की नाही, हे कळणार कसं? त्याला बोलतं करायचा उपाय मला एकच ठाऊक होता.

उजाडल्याशिवाय आमच्याकडे कोणी तलावाकडे जात नाही, वाघ फिरतो. उजाडलं की मी त्याला पाळीवर काढायची. पहिल्या दिवशी पिंपळापर्यंत गेला आणि खाली बसला.

“उठा. बसाले आले काय?”

“वाघ येईन इथी.”

“आला तर तुमाले पाहून वापस जाईन. नुसती हाडं कोण चघळते?”

तो उठला. “तुह्या मायनं तुले माह्या गळ्यात बांधून कोन्या जन्माचं वैर काढलं, मले आजपर्यंत समजलं नाई!”

एवढं लांब वाक्य एका दमात. म्हणजे बुढा मजेत होता. मी वेग वाढवला. “का जी, बगळ्याचे पाय कुठून आणले?”

“तुह्या मायनं… तुले…”

बरोबर. हाच वेग.

डॉक्टरणीला हे मी सांगितलं नाही. रोज सकाळी त्याच्या पायांवर, पोटावर, त्याच्या भावाच्या खाटेवरसुद्धा बोलायची. भावाचं नाव काढलं की तो थरथरायचा आणि चालायचा. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया ओरडायच्या, “वो बाई, बुढ्याले मारून टाकते काय?” मी म्हणायची, “मरू नाई म्हणून तं चालवून राह्यली.” हळूहळू पूर्ण पाळ व्हायला लागली. शिव्याही भरत गेल्या. ज्या चालीवर आधी दोन शब्द निघायचे, तिच्यावर आता माझ्या अख्ख्या माहेराचा उद्धार व्हायचा. पोटरीत थोडं काही हाताला लागायला लागलं. पोट उतरलं. पाहुणे म्हणाले, “भाऊ वाळले.” मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

जाळ्याचा दिवस आला. पाणी खाली गेलं होतं, काठाला गाळ उघडा पडला होता. बुढा सगळ्यांबरोबर उतरला. दोर धरला, चार पावलं छान टाकली. पाचव्याला पाय गाळात गेला आणि वर आलाच नाही. दम होता, छाती नीट चालत होती. मांडीत उपसायचा जोर नव्हता. तो दुसऱ्या पायावर गेला, तोही रुतला. दोर सुटला. बाकीचे ओढतच राहिले, जाळं थांबत नाही.

आमचा पोरगा धावला. मी त्याचा सदरा मागून धरला.

“आई, सोड! बाबा डुबन!”

“गुडघाभर पाण्यात कोणी डुबत नाई. हात लावू नको.”

“लोक पाहून राह्यले!”

“म्हणूनच. आज उचललं तर उद्याही उचला लागन.”

बुढा बघत होता आमच्याकडे. मी पोराला धरून ठेवलेलं त्याला दिसत होतं. मग त्याने हात टेकले. एक गुडघा ओढला, तोंड चिखलात गेलं, वर काढलं, दुसरा ओढला. सगळा गाव पाळीवर उभा. कोणी हसलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. रांगत रांगत तो काठावर आला आणि बसला. मांड्या अशा उडत होत्या की त्याने दोन्ही हातांनी दाबून धरल्या.

“झालं समाधान?” तो म्हणाला.

“आपल्या आपण बाहेर आले तुमी.”

“ढोरावानी आलो.”

भुवयांपर्यंत चिखल, त्यातून दोन लाल डोळे. मला हसू फुटलं. खरंच आवरलं नाही. त्याने मान फिरवली आणि म्हाताऱ्यांत बसून दिवसभर मासोळ्या निवडल्या, मोठ्या एकीकडे, झिंगे एकीकडे.

दुसऱ्या दिवशी उठले तर घरात बुढा नाही. पाळीवर गेले. तो पिंपळाच्या पुढे निघून गेला होता, एकटा. मी हाक मारली. वळला नाही, उलट वेग वाढवला. मी मागे धावले, अर्ध्या पाळीवर माझाच दम संपला आणि खाली बसले.

तेव्हापासून रोज असंच आहे. पाण्यात तो परत उतरला नाही. घरी जेवतो, चहा मागतो, पाळीवर मात्र मला सोबत घेत नाही. मी ओरडते, “बगळ्या!” तो तोंडातून शब्द काढत नाही आणि भराभर लांब जातो. बोलता येण्याइतका दम उरला आहे की नाही, हे आता मला कळायला काही मार्ग नाही.