ओकबुनताईंनी मागितलेलं मैदान

आमच्या वसाहतीत कुत्र्यांना मोकळं सोडायला एक मैदान हवं, हे पहिल्यांदा ओकबुनताईंच्या डोक्यात आलं. अर्ज त्यांनी लिहिला, पहिली सही त्यांनी केली आणि बाकीच्या चारशे सह्याही त्यांनीच दारोदार हिंडून आणल्या. हे आज वसाहतीत कुणी बोलत नाही, म्हणून मी सांगतेय.

म्योंग ओकबुन सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबल्या. रोज नऊशे मुलांचं जेवण. उकळत्या सुपाच्या हंड्यांनी हात कोपरापर्यंत भाजलेले, तेलाच्या धुरानं छाती धरलेली. निवृत्त झाल्या त्याच वर्षी शेजारच्या इमारतीचं काम संपलं. मजूर पांगले आणि मागे साखळीला बांधलेलं एक तांबूस पिल्लू राहिलं. ते त्यांनी घरी आणलं आणि नाव ठेवलं गोगुमा, म्हणजे रताळं. मोठा झाल्यावर त्याचे कान ताठ उभे राहिले, शेपटी वळली. अंगात जिंदो ह्या कोरियन शिकारी जातीचं रक्त होतं. वजन वीस किलो.

नियमाच्या बाबतीत ताई अति करायच्या. पट्टा दोन मीटरच्या आत हवा, तर त्यांचा दीड. लिफ्टमध्ये कुत्र्याचा गळपट्टा हातात धरला तरी भागतं, पण त्या ते वीस किलोचं धूड कवेत घेऊन उभ्या राहायच्या.

"ताई, कंबर मोडेल एखाद्या दिवशी," मी म्हणायची.

"मोडू दे गं. एखादं लेकरू घाबरलं, तर सगळे ह्याच्याच नावानं बोंब मारतील."

मी त्याच वसाहतीत तळमजल्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. चेन बदलायची, पँट आखूड करायची. माझी दुरी, तीन किलोची माल्टीज कुत्री, मशीनखाली झोपलेली असते. दुपारी ताई उकडलेली कणसं घेऊन यायच्या. गोगुमा दाराशी पट्ट्यानिशी बसायचा. "हाउन," त्या म्हणायच्या, "ह्याला एकदा पोटभर धावताना बघायचंय गं मला. बाकी काही नको."

पालिकेकडे ओढ्याकाठची पडीक जागा मागायची ठरली, तेव्हा तिथं लाकडी हातोडीनं चेंडू टोलवत गेटबॉल खेळणारे म्हातारे उखडले. "माणसांना बसायला सावली नाही आणि कुत्र्यांना मैदान?"

"आजोबा, सावलीचा अर्ज आणा, त्याच्यावर मी आधी सही करते," ताई म्हणाल्या. म्हातारा हसला आणि त्यानंही सही ठोकली.

अडीच वर्षांनी मंजुरी आली. जाळीचं कुंपण उभं राहिलं. तेवढ्यात ते घडलं.

कुक आडनावाच्या सोनयोंगबाई आमच्या रहिवासी संघाच्या अध्यक्ष. त्यांचा पूडल नेहमी मोकळा सुटलेला. कुणी हटकलं की, "शहाणा आहे हो तो, काही करत नाही." त्या सकाळी मी दुकानाचं शटर उघडत होते. समोरून ताई आणि गोगुमा येत होते, पट्टा ताईंच्या मुठीत गुंडाळलेला. पूडल लांबून भुंकत आला आणि थेट गोगुमाच्या नाकाला चावला. गोगुमानं एकदाच जबडा मिटला. पूडलचा कान फाटला, सात टाके पडले.

चूक कुणाची ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी संध्याकाळी ताईच स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन अध्यक्षांच्या दारात गेल्या आणि कमरेत वाकून माफी मागून आल्या. "शेजार आहे," म्हणाल्या, "मिटलं म्हणजे बरं."

मिटलं नाही. मैदानाचे नियम ठरवायला सभा भरली, तेव्हा अध्यक्षबाई कागद घेऊनच आल्या होत्या. चाळीस सेंटिमीटरपेक्षा उंच किंवा जिंदो रक्ताच्या कुत्र्याला आत प्रवेश नाही.

ताई उठल्या. "कायद्यात पाच जाती धोक्याच्या म्हणून लिहिल्यात. मला पाठ आहेत. त्यात जिंदो नाही."

"कायदा काय, कमीत कमी सांगतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आमच्या पिल्लाचा कान कायद्यानं फाडला का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ताई माझ्याकडे वळल्या. "हाउन, तू होतीस ना तिथं? सांग सगळ्यांना. कुणाचा कुत्रा पट्ट्याला होता आणि कुणाचा नव्हता?"

माझ्या दुकानाचा करार त्या वसंतात संपत होता आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे संघाच्या हातात होतं. मी जमिनीकडे बघितलं. "मी शटर उघडत होते, ताई. मला नीट दिसलं नाही."

ताई खाली बसल्या. नियमाच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं, तेव्हा सतरा हात वर गेले. एक माझा होता. नियमाच्या विरोधात दोन. एक ताईंचा, दुसरा त्या गेटबॉलवाल्या म्हाताऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानावरून गेल्या. मी हाक मारली, तर म्हणाल्या, "बोला. काही काम होतं का तुमचं?" इतकी वर्षं 'अगं' म्हणणारं माणूस. माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

उद्घाटनाला फीत कापली अध्यक्षबाईंनी. ताई कुंपणाबाहेर उभ्या होत्या. गोगुमानं जाळीला नाक लावलं होतं. आतली कुत्री भुंकायला लागली, तसा पालिकेचा एक साहेब आला आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "आजी, जरा लांब उभं राहता का? आतल्यांना त्रास होतोय." ताई निघून गेल्या. त्यांनी पालिकेत वर तक्रार केली, तर तीन महिन्यांनी एक ओळ आली: व्यवस्थापन रहिवाशांकडे सोपवले आहे.

त्या हिवाळ्यात एकदा त्या गोगुमाला घेऊन दीड तास चालत जुन्या मिठागरांकडे गेल्या. चिटपाखरू नव्हतं. त्यांनी पट्टा सोडला. हे मला त्यांनी नाही, म्हाताऱ्यानं सांगितलं. "सोडला, तर तो हललाच नाही म्हणे. ताई म्हणाल्या, जा, पळ. तो त्यांच्या पायाशी चालत राहिला. त्या स्वतः पळून दाखवायला लागल्या, त्या फुफ्फुसांनी! तर तोही तेवढाच, दुडक्या चालीनं. पट्टा असल्यासारखा."

आणि कुणीतरी बांधावरून फोटो काढलेला होता. दहा दिवसांनी दंडाची नोटीस आली, सोबत फोटो. त्यात गोगुमा ताईंच्या पोटरीला चिकटून उभा आहे. नियम मोडल्याचा पुरावा म्हणून तो फोटो जोडला होता. ताईंनी त्याच दिवशी दंड भरला.

दोन वर्षांनी अध्यक्षबाईंच्या मुलानं जर्मन शेफर्ड आणला. महिन्याभरात नियम बदलला: तोंडाला मुसकं असेल तर कुठल्याही जातीच्या मोठ्या कुत्र्याला प्रवेश. मी तेवढंच निमित्त धरून ताईंच्या दारात गेले.

"ताई, आता सोडतात आत. गोगुमाला नेता येईल."

"कशामुळे बदलला?"

मी सांगितलं. त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. "म्हणजे अध्यक्षांच्या घरचा असला की मोठा कुत्रा चावत नाही." मग दार थोडं आणखी उघडलं. गोगुमा खालून गरम केलेल्या फरशीवर गोधडीत पडला होता. मला बघून त्यानं शेपटी आपटली, पण उठला नाही. "मागचे पाय गेलेत त्याचे. मैदानात नेऊन काय करू? दाखवायला नेऊ?"

"ताई, त्या सभेत मी..."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तेव्हा बोलला असतात, तर उपयोग होता." आणि दार लावून घेतलं, आवाज न करता.

मी खाली आले. दुरीची फिरायची वेळ झाली होती, तिला मैदानात घेऊन गेले. शेफर्ड गवतावर सुसाट धावत होता, मुसकं गळ्यात लोंबत होतं. कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही.

उन्हाळा लागायच्या आत गोगुमा गेला. ताई घर सोडून गुनसानला बहिणीकडे राहायला गेल्या, हे मला आठवड्यानं चौकीदाराकडून कळलं. "पत्ता देऊन गेल्यात," तो म्हणाला. "हवाय का?"

मी म्हटलं, नंतर घेते.