टबावरचं बाक

इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमधला टब पिस्ता रंगाचा आहे. ज्यानं तो बसवला त्याला वाटलं असेल, इथे कुणीतरी फेसात लोळत पडेल. आम्ही त्यात बादली ठेवली आणि बादलीशेजारी उभं राहून वर्षानुवर्षं मगानं अंघोळ केली. ओळखीतल्या सगळ्याच मराठी घरांत टबाची हीच गत. त्याचा गुडघ्याएवढा काठ ओलांडणं हे काही काम आहे, असं नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

तो हॉस्पिटलमधून घरी आला तेव्हा उजवी बाजू निकामी झाली होती आणि तोंडातून एकेक शब्द सुटा निघायचा. टबाबाहेरच्या चिंचोळ्या जागेत खुर्ची टाकून मी त्याला अंघोळ घालायचे. तो डोळे गच्च मिटून बसायचा. मुलीचा डायपर बदलायलाही लाजलेला हा माणूस. एकदा मी पाठ चोळत असताना म्हणाला, “मी. एकटा.” मला आधी रागच आला. मी काय हौस म्हणून करते हे? पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं, आणि सकाळी मी ठरवलं की याला एकट्यानं अंघोळ करता यायला हवी, बाकी काही जमो न जमो.

टब काढून टाकावा म्हटलं, तर वॉचमननं हात जोडले. “मॅडम, टब नहीं निकालने का. मालिक गुस्सा करेगा.” कॉन्ट्रॅक्टर बोलवायची ऐपत नव्हती. नवऱ्याची नोकरी गेली होती, घर माझ्या पगारावर होतं आणि त्याचा व्हिसाही माझ्याच नोकरीवर. मग मीच करायचं ठरवलं. अबुधाबीतलं एक कुटुंब कायमचं भारतात परत चाललं होतं, त्यांच्याकडे टबावर आडवं ठेवायचं बाक होतं. दोन पाय टबात, दोन बाहेर. बाहेर बसायचं आणि सरकत आत जायचं, की काठ ओलांडायला नको. दीडशे दिरहम. “म्हणजे साडेतीन हजार रुपये,” मी सवयीनं मोठ्यानं म्हटलं. “आजींसाठी घेतलं होतं,” त्या घरातल्या बाई म्हणाल्या, “फार दिवस नाही वापरलं.” पुढचं मी विचारलं नाही.

नवरा साइट इंजिनिअर होता. घरातला खिळासुद्धा त्यानं मला कधी ठोकू दिला नव्हता. आता तो बाथरूमच्या दारात खुर्चीवर बसून मला कामाला लावत होता. टबाच्या कडेची फट बुजवणारं, काळं पडलेलं सिलिकॉन मी ब्लेडनं खरवडून काढलं. गंजलेला पडद्याचा दांडा उतरवला. चाकाच्या जुन्या नळाच्या जागी एका बोटानं उघडणारा नळ बसवला, त्याला हँडशॉवर जोडला. तपकिरी फुलांच्या टाइल्सवर पांढरा रंग दिला, कारण ती फुलं मला पहिल्या दिवसापासून बघवत नव्हती. मुलगी डोकावून म्हणाली, “मम्मा, इट लुक्स लाइक अ हॉस्पिटल.” मी तिच्या अंगावर ओरडले. खोटं काही नव्हतं तिचं.

शेवटी राहिला धरायचा बार. भोक पाडताना ड्रिल घसरू नये म्हणून टाइलवर चिकटपट्टी लावायची, हे त्यानं तीन शब्दांत आणि बऱ्याच खाणाखुणांनी सांगितलं. मी टाइल ठोकली. “पोकळ,” तो म्हणाला. सरकून पुढे ठोकली, त्यानं मान डोलावली. भोक पाडता पाडता धुळीनं माझा घसा भरला, खांदा दुखायला लागला, तर मागून आवाज आला, “यल्ला, यल्ला!” साइटवर कामगारांना घाई करताना म्हणायचा तसाच. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडायला आलं. बार बसल्यावर त्याला मी लोंबकळून पाहिलं. बार हलला नाही. नवऱ्याचा चेहरा किती दिवसांनी खुलला होता.

शनिवारी सकाळी तो डाव्या हातानं काठी टेकत एकटा आत गेला. मी आणि मुलगी बाहेर उभ्या. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ चालला. मग तो बाहेर आला, कपडे बदलून, केस ओले, भांग पाडलेला. “झाली?” मी विचारलं. “झाली.” मुलीनं टाळ्या वाजवल्या. त्यानं चहा मागितला.

त्याचे कपडे धुवायला उचलावे म्हणून मी आत गेले. टब ओला होता. बाक कोरडं होतं. साबण कोरडा होता, टॉवेलची घडी तशीच. एकच हात चालतो त्याचा, आणि तो बारवर होता. बसल्या जागी तो उजवीकडे कलतो. बार सोडला तर पडेन या भीतीनं त्याला अंगावर पाणी घेणं जमलंच नसणार. नळ उघडून तो नुसता बसून राहिला, आणि बाहेर यायच्या आधी कसेबसे केस तेवढे भिजवले. एवढं ठोकलं, खरवडलं, रंगवलं, आणि हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मला ते बाक उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावंसं वाटलं.

मी बाहेर आले. चहाचा कप हातात धरून तो माझ्याकडे बघत होता. मी आत जाऊन आले हे त्यानं पाहिलं होतं.

“छान झाली,” मी म्हटलं. “आता रोज कर.”

तो रोज जातो. पाणी वाहतं, मी बाहेर उभी राहते, तो केस विंचरून येतो. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मी “काय हा उकाडा” म्हणत त्याला पलंगावर बसवते आणि ओल्या टॉवेलनं त्याचं अंग पुसून काढते. आता जानेवारी आहे, रात्री पांघरूण लागतं. मी अजून उकाडाच म्हणते. तोही “हो, उकाडा,” म्हणतो आणि डावा हात पुढे करतो.