चॉकलेटचा पाय

बेकरीत तीस वर्षं काढलेल्या बाईला तिच्या नावाने कोण हाक मारणार? हिला सगळे पायवाल्या बाई म्हणत. चॉकलेटचा पाय, म्हणजे खुसखुशीत पारीत चॉकलेटचं सारण भरलेला तो विलायती गोड पदार्थ, खावा तर हिच्याच हातचा, असं गल्लीचं ठाम मत होतं. नवरा शिंपी. त्याची जीभ कात्रीसारखी चालायची. कपडे शिवायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, "आमच्या हिचे पाय अख्खी गल्ली खाते, तरी बघा, बाई आपल्या पायांवर उभी आहे." गिऱ्हाईक हसायचं आणि बाई आतून ओरडायची, "माप नीट घ्या आधी!"

आता अडुसष्टाव्या वर्षी ती परक्या देशात, लेकीच्या स्वयंपाकघरात मैदा चाळत उभी होती. जावई धर्मोपदेशक. या आडगावात तो मिशनची छोटीशी शाळा चालवायचा आणि लेक शेजारच्या दोन खोल्यांत दवाखाना. लेक शिकलेली नर्स. डॉक्टर महिन्यातून एकदा येणार, बाकी सगळा कारभार हिच्या अंगावर. आठ वर्षांपूर्वी दोघं इथे आली ती इथलीच झाली.

बाईला येऊन तीन आठवडे झाले होते. उद्या सकाळी परत जायचं. आणि जे विचारायला ती एवढ्या लांब आली होती, ते अजून घशातच अडकलं होतं. दोन वर्षांपूर्वी शिंपी गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. एकुलती एक लेक आली नाही. फोनवर "आई, मला येता येणार नाही," एवढंच म्हणाली. बाईने लोकांना सांगितलं, तिकडची विमानं बंद आहेत. जन्मात कधी खोटं बोलली नव्हती, ते नवऱ्याच्या तेराव्या दिवसापर्यंत रोज बोलली. का आली नाहीस, हे तिला लेकीच्या तोंडून ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय तिला लेकीशी धड बोलवत नव्हतं आणि अबोलाही धरवत नव्हता.

तसं पाहिलं तर आधीचं देणंही होतंच, आणि ते बाईचंच होतं. आठ वर्षांपूर्वी लेक निघाली तेव्हा बाई रविवारच्या ऑर्डरीचा पाय कापत होती. लेक दारात बॅगा घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पाय निघत नाही गं." बाईच्या डोक्यात राग घुमत होता. सुरी हातातच होती. ती म्हणाली, "निघत नाही तर कापून ठेव इथेच."

कुणी हसलं नाही. शिंप्याने गुपचूप बॅगा उचलल्या. त्या वाक्याची आठवण झाली की बाईला अजून स्वतःची लाज वाटायची. पण माफी मागायची तर आपली चूक आधी की तिची, हा हिशोब काही सुटत नव्हता.

पाय करायची टूम नातीची. सात वर्षांची चिमणी, जन्मली इथेच, मराठी काय ते घरात ऐकलेलं. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आजी, आई म्हणते तुझा पाय जगात भारी आहे. दाखव ना." आजीने चपलेतून पाय काढून पुढे केला. पोरगी त्या भेगाळलेल्या टाचेकडे बराच वेळ बघत राहिली आणि हिरमुसून म्हणाली, "हा?"

म्हणून आज, शेवटच्या दिवशी, पाय.

ओव्हनचं दार लागत नव्हतं. जावयाने पुठ्ठ्याची घडी करून फटीत बसवली आणि दाराला खुर्ची टेकवली. "आई, तुम्ही काळजी करू नका, यात पाव चांगला भाजतो," तो म्हणाला. बाई मनात म्हणाली, पाव भाजेल हो जावईबापू, पाय म्हणजे पाव नव्हे. पण जावयाचा तोंडावर पाणउतारा करायची तिची पद्धत नव्हती. ती "बरं" म्हणाली.

इथल्या उकाड्यात लोणी हातात घेतलं की वितळायचं. तिने दर दोन मिनिटांनी हात गार पाण्यात बुडवले, कोरडे पुसले आणि बोटांच्या टोकांनी मैद्यात लोणी चोळलं. तळवा लागू दिला नाही. तळव्याच्या उबेने पारी चिवट होते. पारी लाटून पत्र्याच्या ताटलीत बसवली, फुगू नये म्हणून वर कागद घालून त्यावर वाळलेले घेवड्याचे दाणे पसरले. ओव्हनची आच बघायला चिमूटभर मैदा टाकला. तो बदामी झाल्यावर ताटली आत सरकवली. मग कोको, साखर, दूध, कॉर्नफ्लोअर आणि अंड्यांचा पिवळा बलक मंद आचेवर ढवळत बसली. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं आणि रेघ तशीच राहिली, तेव्हा गॅस बंद केला.

"आई! आजीचा पाय भाजला!" चिमणी दवाखान्याकडे ओरडत सुटली.

लेक हातातलं टाकून धावत आली. चेहरा पांढराफटक. ताटली बघून दाराला टेकली आणि म्हणाली, "देवा. मला वाटलं..."

"पायच भाजला," बाई म्हणाली. दोघी हसल्या असत्या. पण हसायचं म्हणजे आधी एकमेकींकडे बघावं लागतं. बाईने सारण पारीत ओतलं आणि म्हणाली, "आता दोन तास फ्रिजमध्ये. त्याशिवाय धरणार नाही."

घरात फ्रिज एकच होता, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. त्याला कुलूप, आणि किल्ली लेकीच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली.

"त्यात फक्त लशी असतात, आई," लेक म्हणाली. "दुसरं काही ठेवता येत नाही."

"एक ताटली गं. कोपऱ्यात."

"नाही. सारखं दार उघडलं की आतली थंडी जाते. गरम ताटली तर मुळीच नको." आणि दवाखान्यात कुणीतरी रडत होतं म्हणून ती निघूनही गेली.

बाईच्या मस्तकात तिडीक गेली. आईच्या हातच्या ताटलीला जागा नाही! बापासाठी दोन दिवस नव्हते, आईसाठी एक फळी नाही. तिने परातीत माठातलं पाणी ओतलं, त्यात ताटली तरंगत ठेवली, परात खिडकीच्या वाऱ्यात सरकवली आणि खुर्चीवर बसली.

फ्रिजशेजारी खिळ्याला तक्त्यांची फाईल टांगलेली होती. दिवसातून दोनदा लेक फ्रिजचं तापमान बघून त्यात लिहायची. तीन आठवडे बाई ते बघत होती. तारीख, सकाळ, संध्याकाळ, आणि शेवटी नोंदीचा रकाना, तो लेक मराठीतच भरायची. आज तिला एकदम वाटलं, त्या दिवशीही लिहिलं असेलच की हिने. बाप तिकडे तिरडीवर, आणि ही आकडे मांडत बसली असेल. बघूच दे. तिने फाईल उतरवली आणि मागे मागे पानं उलटत दोन वर्षांपूर्वीच्या त्या महिन्यावर आली.

त्या पानावर नोंदीचा रकाना गच्च भरला होता. गोवर, अकरा मुलं. गोवर, एकोणीस. वीज गेली, बर्फ घातला. मग ती तारीख. संध्याकाळ: चार अंश. नोंद: बाबा गेले.

बाईने चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या चौकटीत लिहिलं होतं: चार. किल्ली ह्यांच्याकडे दिली. निघाले. आणि त्याच्याच खाली, घाईच्या वाकड्या अक्षरात: पुलावरून परत. समोरून तीन गाड्या, सगळी मुलं. टोचायला दुसरं कुणी नाही. संध्याकाळ: पाच.

पुढे पुन्हा आकडे. चार, पाच, चार.

लेक हात पुसत आत आली तेव्हा फाईल आईच्या मांडीवर उघडी होती. कुठलं पान ते तिला लांबूनच कळलं.

"निघाली होतीस?" बाईने विचारलं.

लेकीने मान हलवली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? अर्ध्या वाटेवरून परत फिरले म्हणून?" लेकीचा आवाज चिरकला. "आलेच नाही म्हटलं तर तू चिडशील. निघून परत फिरले म्हटलं तर काय म्हणशील, कुणास ठाऊक. मला वाटलं, चिडलेली आई परवडली." ती खाली फरशीवर बसली. "पुलावर गाडीत बसून होते गं मी. इकडे यायला पाय उचलेना, तिकडे जायलाही नाही. एका बाईने खिडकीतून पोर माझ्या मांडीवर ठेवलं, मग उतरले."

"ते पोर?"

"वाचलं. चिमणीच्या वर्गात आहे."

बाईला खूप काही बोलायचं होतं. तिने सगळ्यांना सांगितलेलं ते विमानांचं खोटं आठवलं. खरं सांगितलं असतं तर शिंप्याच्या सोयऱ्यांपुढे मान किती ताठ झाली असती, असंही वाटून गेलं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. लेकीच्या केसांत पांढरं दिसत होतं. तिने हात पुढे केला, पण तेवढ्यात चिमणी परातीपाशी उभी राहून सुरीने ताटलीशी खटपट करू लागली.

ओव्हनच्या फटीने घात केला होता. एका बाजूने पारीला चीर गेली होती, तिच्यातून सारण खाली उतरून पत्र्याला चिकटलं होतं. तीस वर्षांत बाईच्या हातून असं झालं नव्हतं.

"आजी," चिमणी काकुळतीने म्हणाली, "पाय निघत नाही."

"निघत नाही तर काप तिथेच," बाई सवयीने बोलून गेली.

बोलली आणि ते तिच्याच कानावर आलं. बाईने लेकीकडे बघितलं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तेव्हाच चुकलं होतं. आठ वर्षं चुकलंय."

लेक हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन हसली, मग त्याच पदरात रडली, आणि बाई फरशीवर तिच्याशेजारी बसली. गुडघे दुखतात हे विसरून बसली. चिमणीला काही कळेना. तिने ताटली खाली आणली आणि तिघींनी चिरलेल्या बाजूने चमच्यांनी थोडं तिथल्या तिथे खरवडून खाल्लं, उरलेलं लेकीने झाकून ठेवलं. सारण नीट धरलं नव्हतं. चव मात्र तीच होती, लेकीने सांगितलं.

सकाळी गाडी आली. जावयाने बॅग ठेवली, चिमणी आजीच्या कमरेला बिलगली. बाई उंबऱ्यात थांबली. बोलावं की नाही, असं तिला झालं. मग बोललीच.

"पाय निघत नाही गं."

लेकीने तिच्या हातात डबा दिला. डबा गार होता.

"अर्धा तुझ्याबरोबर दिलाय," ती म्हणाली. "अर्धा इथे ठेवलाय."

गाडी पुलावर आली तेव्हा बाईने डबा उघडून बघितला. सारण घट्ट धरलं होतं. असं फ्रिजशिवाय धरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?