पडलेल्या उमेदवाराचे टोमॅटो

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या परसातल्या टोमॅटोच्या रोपांना जुन्या निवडणुकांच्या प्रचारपाट्यांचा आधार असे. दोन्ही पक्षांच्या, काही तर माझ्या जन्माआधीच्या.

२००४ साली व्हिसावरच्या मला मतदानाचा अधिकार नव्हता, म्हणून जोर जास्त. अंगणात माझ्या आवडत्या उमेदवाराची पाटी ठोकून मी त्याला ऐकवलं, "ही इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची निवडणूक आहे."

"दर वेळी हेच सांगतात," पाटी हलवून बघत तो म्हणाला. "पूर्वी दांडे तरी लाकडी असायचे."

माझा उमेदवार पडला. दुसऱ्या दिवशी म्हातारा पाटी मागून घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात पिशवीभर टोमॅटो घेऊन दारात उभा.

"तुझ्या माणसाकडून. निवडून आला असता, तर एवढंही मिळालं नसतं."